टोकन घेतलंय, पण घरमालक साठेखताची तारीख देत नाही

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात रिसेलचा टू बीएचके ८० लाखांना ठरला. एक लाख टोकन ट्रान्सफर झालं, साध्या कागदावर पावती झाली. त्याला दीड महिना उलटला. कर्जाचं सँक्शन लेटर हातात आहे. विकणारे काका फोन उचलतात, गोड बोलतात, पण साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) कधी करायचं म्हटलं की "बघू, कळवतो एवढ्यात". आता वकिलाची नोटीस द्यावी, दोन लाख वाढवून द्यावेत, की नाद सोडावा?

आज तरी तिन्ही नको. नोटीस गेली की बोलणं तुटतं. पैसे वाढवले की चालढकल केल्यावर पैसे वाढतात हे समोरच्याला कळतं. घर विकायला निघालेला माणूस ज्या कारणांनी अडतो ती पाच-सहाच असतात आणि प्रत्येकाचा उतारा वेगळा आहे. कारण कळेपर्यंत आणखी एक रुपयाही द्यायचा नाही. पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या कायद्याप्रमाणे आणि रिसेल फ्लॅट धरून लिहितो आहे.

आधी तुम्ही कुठे उभे आहात ते पाहू. तुमचे अडकलेत एक लाख. साठेखत नोंदवलं की हा आकडा एकदम बदलतो. आपल्याकडे ताबा देण्याचं कबूल करणाऱ्या साठेखतावर खरेदीखताएवढंच मुद्रांक शुल्क लागतं. पुणे महापालिका हद्दीत ते ७ टक्के (खरेदीदार फक्त महिला असेल तर एक टक्का सवलत), आणि तेही करारातली किंमत व रेडी रेकनरची (सरकारी दरांप्रमाणे येणारी) किंमत यांत जी जास्त असेल तिच्यावर. म्हणजे ८० लाखांवर ५ लाख ६० हजार, शिवाय नोंदणी फी ३० हजार. हा खर्च गृहकर्जात धरत नाहीत, तुमच्या खिशातून जातो. कर्जाची रक्कम मात्र नोंदवलेलं साठेखत पाहिल्यावरच सुटते. त्यामुळे विक्रेत्याचं मन खरंच तयार आहे का, याची परीक्षा मुद्रांक भरण्याआधीच घ्यायची. त्यांची सध्याची टाळाटाळ कंटाळवाणी आहे खरी, पण स्वस्त आहे. हीच टाळाटाळ नोंदणीनंतर सुरू झाली असती तर सहा लाख आणि कोर्ट, दोन्ही गळ्यात आलं असतं.

कारण शोधायला फोन उपयोगाचा नाही आणि एजंट तर मुळीच नाही. एजंट दोन्हीकडे "समोरचा तयार आहे" असंच सांगतो, तो त्याचा धंदाच आहे. घरी जा, संध्याकाळी, त्यांचा मुलगा-सून, मुलगी, काकू सगळे असतील अशा वेळी. तारखेचा विषय शेवटी काढा. आधी विचारा, "इथून निघाल्यावर कुठे राहायचं ठरलंय?" या एका प्रश्नात निम्मी प्रकरणं उलगडतात. मग चार कागदांच्या झेरॉक्स मागा: त्यांचं मूळ खरेदीखत सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयाचा उतारा) सह, शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचं), सोसायटीची अलीकडची थकबाकी नसल्याची पावती, आणि कर्ज असेल तर बँकेचं आजच्या तारखेचं बाकी रकमेचं पत्र. कोणता कागद लगेच मिळतो आणि कोणत्यासाठी "सेक्रेटरी बाहेरगावी गेलाय" ऐकावं लागतं, यावर लक्ष ठेवा. जो कागद येत नाही, अडचण बहुधा त्याच्याच आसपास असते. सगळे कागद बिनतक्रार आले आणि फक्त तारीख येत नाही, तर मग प्रश्न किमतीचा, घरातल्या माणसांचा किंवा जायच्या ठिकाणाचा आहे असं समजा.

सर्वांत जास्त दिसणारं कारण हे शेवटचंच. त्यांनी नवीन घर बुक केलंय, पण त्याचा ताबा सहा महिन्यांनी आहे. किंवा नवीन घर अजून सापडलंच नाही. माणूस हे उघड सांगत नाही, कारण सांगितलं तर गिऱ्हाईक जाईल अशी भीती असते. इथे तुमच्या हातात दोन चाव्या आहेत. साठेखत आत्ता आणि खरेदीखत, ताबा व शेवटची रक्कम चार-पाच महिन्यांनी, ही पहिली. मात्र यात तुमचं सँक्शन लेटर किती दिवस चालतं ते बँकेला विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी ते तीन ते सहा महिने असतं आणि नंतर व्याजदरासकट सगळं पुन्हा ठरतं. दुसरी चावी म्हणजे खरेदीखत आत्ताच, पण त्यांना काही महिने तिथेच राहू द्यायचं. हे करायचं असेल तर त्याच दिवशी नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार झालाच पाहिजे, भाडं अगदी नाममात्र ठरलं तरी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. असा करार हातात असला की मुदत संपल्यावर घर रिकामं करून घ्यायला कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि मुदतीनंतरच्या दिवसांसाठी दुप्पट भाडं मागता येतं. "राहा हो काका, काही घाई नाही" असं तोंडी म्हणून ठेवलंत तर पुढे त्यांना बाहेर काढायला दिवाणी दावा लावावा लागतो. शिवाय एकूण किमतीतले चार-पाच लाख ताबा मिळेपर्यंत मागे ठेवायचे आणि तसं खरेदीखतातच लिहायचं. बँकेची कर्जाची रक्कम एकरकमी जात असेल तर मागे ठेवायची रक्कम तुमच्या स्वतःच्या वाट्यातली असावी, हे बँकेत आधी बोलून ठेवा.

दुसरं मोठं कारण कर. विकायचं ठरवताना फार कमी लोक कर मोजतात. टोकन घेतल्यावर कुणीतरी सांगतं, "साडेबारा टक्के जातील", आणि मग फोनला उशिरा उत्तरं यायला लागतात. आकडा मांडून दाखवला तर बऱ्याचदा भीती निम्म्यावर येते. समजा घर २००८-०९ मध्ये २५ लाखांना घेतलं होतं आणि २०२५-२६ मध्ये ८० लाखांना विकलं. नुसता फरक ५५ लाख, त्यावर १२.५ टक्के म्हणजे ६ लाख ८७ हजार ५०० रुपये. पण २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला, विकणारी व्यक्ती भारतात निवासी असेल तर, जुन्या पद्धतीने महागाई निर्देशांक लावून २० टक्के हा पर्याय खुला आहे. निर्देशांक २००८-०९ चा १३७ आणि २०२५-२६ चा ३७६. म्हणजे खरेदी किंमत ६८ लाख ६० हजारांच्या घरात जाते, नफा साधारण ११ लाख ४० हजार आणि कर २ लाख २८ हजारांच्या आसपास (सेस वेगळा). त्यातही नफ्याची रक्कम दुसऱ्या राहत्या घरात गुंतवली, म्हणजे विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत घर घेतलं, तर करातून सूट मिळते. हे तुम्ही त्यांना शिकवायला जाऊ नका, ऐकणार नाहीत. "एकदा तुमच्या सीएंना विचारून घ्या, त्यांची फी मी देतो" म्हणा. दोन-तीन हजारांत सुटणारी गाठ असेल तर यापेक्षा स्वस्त काही नाही.

कर वाचवायला "वीस लाख कॅशमध्ये द्या" ही मागणी आली तर मात्र शांतपणे नाही म्हणा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. तुमच्या बाजूने नुकसान आणखी मोठं. करारात ६० लाख लिहिले की बँक कर्ज ६० लाखांच्या हिशेबाने देते, आणि उद्या व्यवहार फिसकटला तर दिलेल्या वीस लाखांचा पुरावा कुठेच नसतो. जो माणूस आज तारीख द्यायला कचरतोय, त्याच्या हातात बिनपावतीचे वीस लाख द्यायचे का, एवढा विचार पुरे.

तिसरं, त्यांचं जुनं कर्ज. "थोडंसं बाकी आहे" म्हणजे २२ लाखही असू शकतात आणि वर टॉप-अप (त्याच घरावर वाढीव कर्ज) घेतलेलं असू शकतं. त्यांना भीती ही की आधी कर्ज फेडायला सांगतील, तेवढे पैसे आहेत कुठे? फेडायची गरज नसते. तुमची बँक २२ लाखांचा चेक थेट त्यांच्या बँकेच्या नावाने काढते, मूळ कागद तिथून तुमच्या बँकेत जातात आणि उरलेली रक्कम काकांना मिळते. त्यासाठी त्यांच्या बँकेकडून दोन पत्रं लागतात: किती भरलं की खातं बंद होईल याचं फोरक्लोजर पत्र, आणि तिथे जमा असलेल्या कागदांची यादी. पहिल्या पत्राची मुदत थोड्या दिवसांचीच असते, तेव्हा ते चेक निघायच्या आठवड्यातच काढायचं. कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे, उशीर बँकेमुळे झाला तर दर दिवशी ५,००० रुपये द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे. बँकेत कागद अडकतील अशी काकांना धास्ती असेल तर हे सांगा.

चौथं, घरातली माणसं. हे सर्वांत नाजूक आणि इथे गोड बोलून काही होत नाही. सूची क्रमांक २ वर काका-काकू दोघांची नावं असतील आणि टोकनची पावती एकट्या काकांच्या सहीची असेल, तर ती काकूंना बांधत नाही. घर वडिलांच्या नावावर होतं आणि काका फक्त नॉमिनी म्हणून सोसायटीच्या दप्तरी आले असतील, तर त्यांची बहीण, भाऊ हेही मालक आहेत. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे सोसायटीच्या सेक्रेटरीलाही बऱ्याचदा माहीत नसतं. अशा वेळी बाकीच्या वारसांनी एक तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं किंवा तुमच्या साठेखतावर विकणारे म्हणून सगळ्यांनी सही करायची. "ताईची सही नंतर घेऊ" हे वाक्य ऐकलं की थांबा. एका हिस्सेदाराकडून त्याचा हिस्सा विकत घेता येतो, पण मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ सांगतं की अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्याने घेतला तर त्याला बाकीच्यांबरोबर ताबा मागता येत नाही. पैसे जातील आणि हातात वाटपाचा दावा उरेल. वारसांत अज्ञान (अठरा वर्षांखालचं) मूल असेल तर त्याच्या हिश्श्यासाठी जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते, त्याला महिने जातात. मग तुमचीच तारीख पुढे ढकलायला हवी. तिथे काकांचा दोष नाही.

कागद हरवल्याची लाज हेही कारण असतं, पण त्यावर सरळ उपाय आहेत. मूळ करार सापडत नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळते. पोलिसांत हरवल्याची नोंद, वर्तमानपत्रात १४-१५ दिवसांची जाहीर सूचना आणि विक्रेत्याचं प्रतिज्ञापत्र एवढ्यावर बऱ्याच बँका पुढे जातात. सोसायटी ना-हरकत देत नाही म्हणून अडलं असेल, तर सभासदाने फ्लॅट विकायला सोसायटीची एनओसी कायद्याने आवश्यक नसते, आदर्श उपविधींप्रमाणे हस्तांतराची सूचना द्यायची असते. हस्तांतर अधिमूल्यही (सोसायटीची ट्रान्सफर फी) महापालिका क्षेत्रात २५ हजारांच्या वर मागता येत नाही. बँक एनओसी मागते ही गोष्ट वेगळी, त्यामुळे सेक्रेटरींशी भांडू नका.

राहिलं एकच, दुसऱ्या कुणी जास्त किंमत सांगितलीय. ओळखायची खूण म्हणजे कागद तयार, घरचे तयार, जायचं ठिकाण तयार, आणि तरी तारीख नाही. किंमत वाढवायचीच असेल तर एकदाच, आणि साठेखतावर सह्या होतील त्याच दिवशी लागू होईल अशी. "शुक्रवारी नोंदणी केली तर ८१, नाहीतर माझे ८०च" हे बोलता येतं. टोकनमध्ये भर घालून "मन वळवणं" म्हणजे अनिच्छुक माणसाला बिनव्याजी कर्ज देणं आहे.

कारण कळलं की ते कागदावर आणा. तुमची साधी पावती रद्द करून नीट विसारपावती (विसार म्हणजे आगाऊ दिलेलं टोकन) करा, योग्य मुद्रांकावर, सगळ्या मालकांच्या सह्यांनी, दोन साक्षीदारांसह. त्यात फ्लॅटचा क्रमांक आणि कार्पेट क्षेत्र, पार्किंग, एकूण किंमत, दिलेल्या एक लाखाचा यूटीआर (बँक ट्रान्सफरचा) क्रमांक, सोसायटी आणि वीजबिल कोणत्या तारखेपर्यंत कुणी भरायचं, फर्निचरमधलं काय राहणार, हे सगळं आलंच. पण खरा जीव तारखांत आहे: कागद देण्याची, साठेखताची, शेवटच्या रकमेची, ताब्याची. चारही तारखा कॅलेंडरवरच्या हव्यात. "लवकरात लवकर" आणि "परस्पर सोयीने" हे शब्द पावतीत दिसले तर खोडा.

माघारीचं कलम लिहिताना एक चूक सर्रास होते. "विक्रेत्याने माघार घेतल्यास टोकनची दुप्पट रक्कम द्यावी" एवढंच लिहितात. याचा अर्थ काकांना एक लाख जादा देऊन सुटायचा दरवाजा तुम्हीच उघडून दिला. दुसरं गिऱ्हाईक चार लाख जास्त देत असेल तर ते आनंदाने देतील. विशिष्ट अनुतोष कायदा १९६३, कलम २३ प्रमाणे ठरलेली भरपाई लिहिली असली तरी करार पुरा करून मागता येतो, पण ती रक्कम करार पाळला जावा म्हणून लिहिली होती, पाळण्याऐवजी द्यायचा पर्याय म्हणून नव्हे, हे न्यायालयाला दिसलं पाहिजे. म्हणून कलम असं लिहा:

"विक्रेत्यांनी ठरलेल्या तारखेस साठेखत करून न दिल्यास विसाराची रक्कम व तेवढीच जादा रक्कम १५ दिवसांत परत करण्यास ते जबाबदार राहतील. सदर रक्कम हा करार पाळण्यास पर्याय नसून, करार प्रत्यक्ष पुरा करून मागण्याचा खरेदीदाराचा हक्क अबाधित राहील."

तुमच्या बाजूचंही एक वाक्य हवं: घराच्या कागदांतल्या त्रुटीमुळे बँकेने कर्ज नाकारलं तर विसार पूर्ण परत. ते नसेल तर कर्ज न मिळाल्याचा दोष तुमच्या माथी येतो आणि टोकन जप्त होतं.

या भेटीनंतर त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि ईमेल असेल तर त्यावरही, असा निरोप पाठवा. धमकी नको, पण तारीख, रक्कम आणि तुमची तयारी हे तीन मुद्दे हवेतच.

"नमस्कार काका. आज घरी सविस्तर बोलणं झालं, बरं वाटलं. ठरल्याप्रमाणे शेअर सर्टिफिकेट आणि बँकेचं पत्र शनिवारपर्यंत मिळेल असं धरतो. साठेखताचा मसुदा सोबत पाठवतोय, रविवारपर्यंत वाचून बदल सांगा. नोंदणीसाठी पुढच्या आठवड्यात बुधवार ११ वाजता किंवा शुक्रवार ३ वाजता, दोन्हीपैकी काकूंना सोयीचं ते कळवा. माझं कर्ज मंजूर आहे आणि माझ्या वाट्याची रक्कम खात्यात तयार आहे."

"कधी करायचं?" असं विचारलं की उत्तर "बघू" येतं. दोन वेळा पुढे ठेवल्या की तिसरी तरी सुचवावी लागते. मसुदा आधी देणंही महत्त्वाचं. वयस्कर माणसं निबंधक कार्यालयात बसून पंधरा पानं वाचून सही करायला घाबरतात आणि त्यात चूक काही नाही. मुलीला किंवा वकिलाला दाखवायला चार दिवस द्या. दुसरीकडे तुमची घाई झाकून ठेवा. भाड्याच्या घराला नोटीस दिलीय, मुलाचं ॲडमिशन त्या भागात घेतलंय, हे बोलता बोलता निसटलं की पुढचे दोन महिने तुम्ही त्यांच्या दारात.

एवढं करूनही तारीख आली नाही तर लेखी मागणी, दहा दिवसांची मुदत, आणि मग वकिलाची नोटीस, स्पीड पोस्टाने पोचपावतीसह, प्रत्येक मालकाच्या नावे वेगळी. नोटिशीत "मी करार पुरा करायला तयार होतो व आहे" हे असायलाच हवं, कारण करार पुरा करून मागणाऱ्याला आपली तयारी आणि इच्छा सिद्ध करावी लागते (विशिष्ट अनुतोष कायदा, कलम १६). ती शब्दांनी होत नाही. सँक्शन लेटर, तुमच्या वाट्याच्या रकमेचं खातं किंवा एफडी, मुद्रांकाचे पैसे वेगळे ठेवल्याचं स्टेटमेंट, पाठवलेले निरोप, हे सगळं तारखेनिशी एका फाईलमध्ये ठेवा. या दरम्यान ते पैसे गाडीत किंवा शेअरमध्ये घातले आणि खातं रिकामं दिसलं तर दावा तिथेच लंगडा पडतो.

१ ऑक्टोबर २०१८ पासून विशिष्ट अनुतोष कायदा बदलला. करार पुरा करून देण्याचा हुकूम द्यायचा की नाही ही पूर्वी न्यायालयाच्या मर्जीची बाब होती, आता अटी सिद्ध झाल्या तर तो द्यायचा असतो. मुदत तीन वर्षांची: करारात तारीख असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं तुम्हाला कळलं तेव्हापासून. पण तीन वर्षं आहेत म्हणून दोन वर्षं गप्प बसलात तर तुमच्या इच्छेवरच शंका येते. दाव्यात विसार परत मिळण्याची मागणीही पर्याय म्हणून लिहायला सांगा. न मागितलेली रक्कम न्यायालय आपणहून देत नाही (याच कायद्याचं कलम २२).

माझं मत विचाराल तर नुसती विसारपावती आणि एक लाख एवढ्यावर कोर्टात जाणं बहुतेकांना परवडत नाही. दावा वर्षानुवर्षं चालतो, तोवर तुम्ही दुसरं घर घ्यावं की नाही हाही पेच. घर खरंच दुर्मीळ असेल, किंमत बाजाराच्या बरीच खाली ठरली असेल किंवा दिलेली रक्कम मोठी असेल तरच जा.

साठेखत नोंदवल्यावर विक्रेता फिरला तर हिशेब उलटा होतो, तिथे सोडून द्यायचं नाही. नोंदणीमुळे पुढच्या गिऱ्हाइकाला "मला माहीत नव्हतं" म्हणता येत नाही. दिलेल्या पैशापुरता त्या घरावर तुमचा बोजा असतो (मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम ५५). दावा लावताना घर तिसऱ्याला विकू नये म्हणून तात्पुरती मनाई मागायची. आणि इथे महाराष्ट्रातली एक खास गोष्ट बरेच जण विसरतात: दावा चालू असताना झालेली विक्री दाव्याच्या निकालाला बांधील राहावी यासाठी इथे नुसता दावा दाखल असून चालत नाही, दाव्याची सूचना, म्हणजे लिस पेंडन्सची नोटीस, निबंधकाकडे नोंदवावी लागते. वकिलाला पहिल्याच आठवड्यात आठवण करा. निकाल बाजूने लागूनही विक्रेता सही करेना, तर न्यायालयाचा अधिकारी त्याच्या वतीने खरेदीखतावर सही करून देतो.

सही केली पण नोंदणीला आलेच नाहीत, असंही होतं. सहीच्या तारखेपासून चार महिन्यांत दस्त नोंदणीसाठी हजर करायचा असतो, दंड भरून आणखी चार महिने मिळू शकतात. तेवढ्या काळात तुम्ही एकट्याने दस्त हजर करून नोंदणी कायद्याच्या कलम ३६ खाली विक्रेत्याला समन्स काढण्याची विनंती करू शकता. म्हणून सही आणि नोंदणी शक्यतो एकाच दिवशी, एकाच टेबलावर.

सोडायचं ठरलं तर नीट सोडा. काका एके दिवशी न सांगता एक लाख तुमच्या खात्यात परत टाकतील, हा नेहमीचा डाव आहे. घर हवं असेल तर त्याच दिवशी लेखी कळवा की रद्द करणं मान्य नाही, आणि रक्कम परत पाठवा. गप्प बसणं म्हणजे मान्य करणं असं पुढे मांडलं जातं. घर नको असेल तर तीच रक्कम घ्या, पण रद्दपत्रावर "उभयतांचा परस्परांवर कोणताही दावा नाही" ही सही पैसे खात्यात दिसल्यावरच करा. साठेखत नोंदलेलं असेल तर रद्दलेखही नोंदवावाच लागतो. तिथे डिमांड ड्राफ्ट टेबलावर ठेवून, त्याचा क्रमांक दस्तात लिहून मगच अंगठा द्या. ५० लाखांवरच्या व्यवहारात एक टक्का टीडीएस कापून भरला असेल तर तो काकांच्या पॅनवर जमा आहे, म्हणून परतीच्या रकमेत तोही धरून मागा.